यंत्र घरी, पण पलीकडे कोण?

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या अंगात पाणी साचू लागले की धाप लागण्याआधी पुष्कळदा वजन वाढते. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ हा धोक्याचा इशारा मानला जातो. म्हणून वजन, रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन रोज घरीच मोजून ते आकडे रुग्णालयाकडे पाठवण्याची पद्धत रूढ होत आहे. वजनकाट्यापासून मोबाइलपर्यंत ब्लूटूथ, पुढे मोबाइलचे नेटवर्क. दिवसभराचे हे आकडे एका एसएमएसमध्ये मावतात. त्यासाठी फाइव्ह-जीची वाट पाहायला नको. रेंज गेली तर ते मोबाइलमध्ये साठवून नंतर पाठवता येतात. तरीही घरबसल्या देखरेखीची चर्चा यंत्रांच्या किमतीभोवतीच फिरते. आकडा पोहोचल्यावर तो कोण पाहणार आणि पाहणाऱ्याला काय करता येणार, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

अमेरिकेतील ‘टेली-एचएफ’ चाचणीचा निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. 1,653 रुग्णांपैकी निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेला वजन आणि लक्षणे कळवायची होती. सहा महिन्यांत पुन्हा दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांचे प्रमाण देखरेखीच्या गटात 52.3 टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात 51.5 टक्के निघाले. देखरेखीच्या गटातील 14 टक्के रुग्णांनी तर यंत्रणा एकदाही वापरली नाही. रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी रोज कोण बोलणार!

यंत्रे जुनी होती, असा बचाव यावर करता येईल. पण कॅलिफोर्नियातील ‘बीट-एचएफ’ चाचणीत बिनतारी उपकरणे होती आणि फोन करणाऱ्या परिचारिकाही होत्या. आकडा बिघडला की त्या रुग्णाला डॉक्टरांशी संपर्क साधायला सांगत. 2016 मध्ये आलेल्या निष्कर्षात 180 दिवसांतील पुनर्दाखलीत फरक दिसला नाही.

जर्मनीतील ‘टीआयएम-एचएफ2’ चाचणीत (2018) मात्र फरक पडला. तिथे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास हजर असत, आणि रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्राही बदलली जाई. वर्षाला दर 100 रुग्णांमागे मृत्यू नेहमीच्या उपचारांच्या गटात 11.3, तर देखरेखीच्या गटात 7.9 होते. तिन्ही चाचण्यांतील रुग्ण सारखे नव्हते, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण औषध बदलण्याचा अधिकार असलेला माणूस पलीकडे असणे हा यातला मोठा भेद दुर्लक्षून चालणार नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. 2020 मध्ये कोविडच्या साथीत मुंबईत महापालिकेच्या वॉर्डनिहाय वॉर रूम होत्या. घरातल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरला की तिथे फोन करता येई, आणि खाट ठरवणे त्यांच्याच हाती होते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेल्या. यंत्र स्वस्तातलेच होते. त्यामागची माणसांची साखळी महाग होती, आणि साथ ओसरताच ती सुटली.

आता मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांसाठी अशी देखरेख उभारायची तर ती साखळीच आधी कागदावर यायला हवी. 25 मार्च 2020 च्या केंद्रीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांची मांडणी मुख्यतः डॉक्टर-रुग्ण सल्लामसलतीभोवती आहे. पहाटे दोनला आपोआप येऊन पडणारा आकडा ही सल्लामसलत नव्हे. त्यामुळे खरेदीच्या करारातच काही गोष्टी स्पष्ट हव्यात: रात्रपाळीला कोण, एका परिचारिकेकडे रुग्ण किती, औषध कोण बदलणार, आणि दोन दिवस आकडाच आला नाही तर घरी कोण जाणार. शेवटचे काम आशा सेविकेकडे जाणार हे उघड आहे. मग त्याचा वेगळा मोबदलाही त्याच करारात असावा. जर्मनीने 2020 च्या अखेरीस हार्ट फेल्युअरची दूरदेखरेख सार्वजनिक आरोग्य विम्यात घेण्याचा निर्णय केला, आणि पुढे पैसे नुसत्या उपकरणाला नव्हे, तर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या कामालाही मिळू लागले. राज्यातील आरोग्य योजनांनी हीच तरतूद उचलावी.