जरा सरकता का?

लिनक्सच्या शिबिरातलं सर्वांत घातक वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन : "काका, जरा सरकता का? दोन मिनिटांत करून देतो!"

नवशिक्यांनी आपापला संगणक काखोटीला मारून यायचं आणि जाणत्यांच्या मदतीनं त्यावर लिनक्स बसवायचं, असं हे शिबिर. पुण्यात लिनक्सवेड्यांचा गट जुना. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' नावाचा मेळाही भरत असे. आता आमच्या कासारसाईत असं शिबिर भरवायचं घाटतंय, म्हणून ही आगाऊ तक्रार.

निमित्तही तसंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ला म्हणे टीपीएम २.० नावाची सोय लागते. ती नसलेला धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारा! माणसाला निवृत्त करताना निदान शाल-नारळ तरी देतात. लिनक्स अशा पेन्शनरांना पुन्हा कामाला लावतं. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहिला आणि पुढं तो कुणीही पाहावा, बदलावा, वाटावा म्हणून मोकळा सोडला.

आता जे मुळातच 'आत डोकावून बघा' म्हणतं, ते बसवताना मालकालाच खुर्चीवरून उठवायचं? आमच्या धरणाकाठी पोराला पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून पाण्यात सोडतात. स्वतःच चार हात मारून बाहेर येऊन "झालं, आलं तुला पोहायला!" असं कुणी म्हणत नाही.

जाणते म्हणतात, "अहो, नवशिक्याकडून डिस्क पुसली जाईल." जाईल ना! म्हणून तर फोटो-कागदपत्रांची प्रत आधी त्याच्याकडूनच काढून घ्या. मग लिनक्स पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघू द्या. मूळ डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, छपाई तपासू द्या. राहिली डिस्कची वाटणी. ती मुळशी तालुक्याला शिकवायची? शेजारी हिंजवडीत कंपन्या आल्यापासून इथली शाळकरी पोरंसुद्धा गुंठ्यांत बोलतात! 'सगळं पुसा' आणि 'शेजारी बसवा' यांतला फरक समजावा आणि बटण त्यालाच दाबू द्या.

दुसरा आक्षेप वेळेचा. अशानं दिवसभरात चाळीसाऐवजी दहाच संगणक होतील. होऊ देत! चाळीस जणांना आयतं बसवून दिलं, तर आठवड्यानं काही अडलं की ते दुकान गाठतील, आणि तिथं चार पैशांत चोरीचं विंडोज घालून मिळेल. दहा जणांनी स्वतःच्या हातानं बसवलं, तर अकरावा त्यांच्या दारात येईल.

तेव्हा संयोजकांना माझी एकच सूचना. प्रत्येक जाणत्याच्या एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात भज्यांची बशी द्यावी, आणि दोन्ही संध्याकाळपर्यंत भरत राहावं. तोंडानं हवं तेवढं सांगा म्हणावं. माउसला लावायला हात मोकळा राहता कामा नये!