सोन्याच्या क्रुसाचा डोंगर

चैत्र आला की आपल्याकडचे डोंगर जागे होतात. ज्योतिबावर सासनकाठ्या नाचतात, शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून कावडी वर चढतात. साधारण त्याच सुमारास, कधी आठ-पंधरा दिवस मागेपुढे, केरळातल्या एका डोंगरावर हजारो माणसे खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन चढत असतात. गावाचे नाव मलयाट्टूर आणि डोंगराचे नाव कुरिशुमुडी. ख्रिस्ती मंडळींचे हे फार जुने यात्रास्थान. यंदा पौषात आम्ही तिथे जाऊन आलो, म्हणजे यात्रा नसताना मुद्दाम गेलो. यात्रेत देव दिसतो की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या माणसाची पाठ मात्र नक्की दिसते. डोंगर पाहायचा तर तो रिकामा असताना पाहावा, असे आमचे मत आहे.

मुंबईहून कोकण रेल्वेने नेत्रावती एक्सप्रेस धरली तर आलुवाला उतरता येते. तिथून किंवा जवळच्या अंगमालीहून कालडीमार्गे मलयाट्टूर गाठायचे. अंगमाली स्थानकाची पाटी मजेदार आहे. नुसते ‘अंगमाली’ न लिहिता ‘अंगमाली फॉर कालडी’ असे लिहिले आहे. कालडी म्हणजे आद्य शंकराचार्यांचे जन्मगाव. पेरियार नदीत अंघोळ करताना लहानग्या शंकराचा पाय मगरीने धरला, आणि आईने संन्यासाला होकार देताच सोडला, ती गोष्ट इथल्याच घाटावरची. संन्यास घेतला तरी आईच्या अखेरच्या वेळी मी येईन, असा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला, असे सांगतात. आईची समाधी कालडीत आहे. आमच्याबरोबर गावचे तात्या होते, त्यांनी तिथे टोपी काढून डोके टेकवले. मग म्हणाले, “चला, आता तुमच्या साहेबाच्या देवाकडे.”

तात्यांचा हा समज वाटेतच दुरुस्त करावा लागला. केरळातले हे ख्रिस्ती इंग्रजांच्या वेळचे नव्हेत. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत थोमा इसवी सन ५२ मध्ये गलबतातून कोडुंगल्लूरच्या बंदरात उतरला, अशी त्यांची परंपरा आहे. याचा लेखी पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. पण पोर्तुगीज येण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून ही माणसे इथे शेती आणि मिरीचा व्यापार करीत होती, याबद्दल वाद नाही. हा थोमा शिष्यांतला शंकेखोर. गुरू मरणातून उठला हे इतरांनी सांगितले तर याने मानले नाही. जखमांना बोट लावून पाहीन तेव्हाच खरे, असे म्हणाला. तात्यांना हा शिष्य एकदम पसंत पडला. व्यापाऱ्याने हिशेबाची चिठ्ठी दिली तर बेरीज पुन्हा करून बघणारे ते गृहस्थ!

कालडीपासून पुढचा रस्ता शेतकऱ्याने खिडकीशी बसूनच करावा. भाताची खाचरे आहेत, भाताच्या गिरण्या आहेत, आणि घरोघरी परसात जायफळाची झाडे आहेत. नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळ वाढते. त्यात नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे; नराला फळ येत नाही. रोप लहान असताना ते ओळखू येत नाही, म्हणून आता बहुतेक जण चांगल्या मादी झाडाचे डोळे बांधूनच कलमे लावतात. फळ उकलले की आत बीवर लाल जाळीदार साल असते, तीच आपली जायपत्री. पुढे रबराच्या बागा लागतात. खोडावर तिरपा काप, खाली करवंटी किंवा वाटी बांधलेली आणि त्यात दुधासारखा चीक ठिबकतो आहे. हा काप पहाटेच घेतात, कारण ऊन चढले की चिकाची धार मंदावते. तिथल्या शेतकऱ्याचा दिवस त्यामुळे आपल्या धार काढणाऱ्यासारखाच अंधारात सुरू होतो.

पायथ्याशी उतरलो तर चहाच्या टपरीवाल्याने तात्यांची पांढरी टोपी पाहून लांबूनच हाक मारली, “काका, कुठलं गाव?” बारा वर्षे त्याने सोलापूर रस्त्यावर टायरची पंक्चर काढली होती. आपल्याकडे हमरस्त्यावर टायरचे दुकान म्हटले की मल्याळी माणूस ठरलेला, त्यांतलाच हा एक. मराठी अजून विसरला नव्हता. पाऊस कसा झाला, कांद्याला भाव काय, सगळे विचारून घेतले, आणि पहिल्या चहाचे पैसे काही घेईना. वर पाणी मिळेलच असे नाही, बाटल्या भरून घ्या, हा त्याचा सल्ला आम्ही मानला. तुम्हीही माना.

डोंगर सुमारे दोन हजार फुटांचा. आपल्या सह्याद्रीचेच हे दक्षिणेकडचे टोक, पण अंगावर दाट झाडी. वाट खडकाळ आहे, बांधीव पायऱ्यांची नव्हे. मोठमोठ्या दगडांवरून, झाडांच्या मुळ्यांवरून पाय टाकीत जायचे. आम्हाला वर पोहोचायला दीड तास लागला. तरुण माणूस तासाभरात जाईल. वाटेवर थोड्याथोड्या अंतराने चौदा ठिकाणे केली आहेत. येशूला मरणाची शिक्षा झाली तिथपासून त्याला कबरीत ठेवले तिथपर्यंतचे चौदा प्रसंग त्यांवर दाखवले आहेत. याला ‘क्रुसाची वाट’ म्हणतात. यात्रेकरू प्रत्येक ठिकाणी थांबतो, गुडघे टेकतो, प्रार्थना म्हणतो आणि पुढे निघतो. आपल्या वारीतल्या विसाव्यांची आठवण झाली.

यात्रेच्या दिवसांत हीच वाट माणसांनी भरून वाहते. ईस्टरच्या आधी पन्नास दिवस तिकडचे ख्रिस्ती कडक उपास पाळतात, मांस-मासे वर्ज्य करतात. या उपासाच्या दिवसांत माणसे टोळ्याटोळ्यांनी, कित्येक तर आपल्या गावाहून चालत, डोंगरावर येतात. ईस्टरनंतरचा पहिला रविवार हा मुख्य दिवस. कुणाच्या खांद्यावर हातभर क्रूस, तर कुठे आठ-दहा जण मिळून अख्खा वासा पेलीत आणतात. कुणी डोक्यावर धोंडा घेऊन चढतो. तोंडाने घोष चालू असतो, “पोन्निन् कुरिशु मुत्तप्पो!” पोन्न म्हणजे सोने, कुरिशु म्हणजे क्रूस आणि मुत्तप्पन म्हणजे आजोबा. देवमाणसाला आजोबा म्हणून हाक मारायची! तात्या म्हणाले, “म्हंजे हे त्यांचं चांगभलंच की.” नवस फेडायला हिंदूही येतात, मुसलमानही येतात.

या सोन्याच्या क्रुसाची कथा अशी सांगतात. संत थोमा या डोंगरावर प्रार्थनेला येऊन राहिला आणि त्याने खडकावर बोटाने क्रूस रेखला. पुढे फार वर्षांनी शिकाऱ्यांना रात्री त्या खडकातून उजेड दिसला. त्यांनी हत्यार मारून पाहिले तर रक्त आले आणि सोन्याचा क्रूस वर आला. खडकातून रक्त येण्याची कथा ऐकून आम्हा दोघांनाही नवल वाटले नाही. नांगराचा फाळ लागून रक्त आले आणि देव सापडला, अशी देवळे आपल्या प्रत्येक तालुक्यात एकदोन तरी निघतील.

सहाव्या ठिकाणापाशी आम्ही जरा जास्त थांबलो. येशू क्रूस वाहून थकलेला असताना एक बाई गर्दीतून पुढे होते आणि आपल्या वस्त्राने त्याचा चेहरा पुसते, तो हा प्रसंग. इथेच, १ मार्च २०१८ रोजी, उपासाच्या दिवसांत, या तीर्थाचे प्रमुख फादर झेवियर तेलक्काट डोंगर उतरत असताना त्यांच्यावर सुरीने हल्ला झाला आणि त्यात त्यांचा जीव गेला. मारणारा परका नव्हता. देवळातच वर्षानुवर्षे काम करणारा सेवक होता. त्याला कामावरून दूर केले होते, त्याचा राग त्याच्या मनात होता. तो रानात पळाला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांना सापडला.

एवढी बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली. पुढची बातमी मात्र लहान अक्षरांत आली. फादरांचा दफनविधी झाल्यावर काही दिवसांनी त्यांची वृद्ध आई मारेकऱ्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोला भेटली, आणि मी माफ केले म्हणाली. बोलावले कुणी नव्हते. कोर्टाचे काम कोर्टाने करायचे ते केलेच, त्याचा या भेटीशी संबंध नाही. पण त्या गावात त्या घराकडे तेव्हा कोण कसे पाहत असेल, याची कल्पना खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडे वीतभर बांधावरून दोन पिढ्या बोलणे बंद असते. एकाच्या घरची मयत असली तरी दुसरा दाराशी येत नाही, आणि दोन्ही घरच्या सुना विहिरीवर चोरून बोलतात. त्या म्हाताऱ्या आईने किती अंतर तोडले असेल?

मी ही हकीकत सांगितली तेव्हा तात्या दगडावर बसून ऐकत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “ती म्हातारी एकटीच गेली का, का कुणी संगतीला होतं?” मी म्हटले, ते मला आठवत नाही. तात्यांच्या पूर्वेकडच्या बांधाची गोष्ट मला ठाऊक आहे, म्हणून मी पुढे काही विचारले नाही.

माथ्यावर देऊळ आहे. खडकात उमटलेले पाऊल संत थोमाचे मानतात आणि त्याला हात लावून तो कपाळाला नेतात. जुन्या एका लहान देवळाच्या भिंतीवर हत्तींनी सुळे मारल्याच्या खुणा दाखवतात. त्याचे नावच ‘हत्तीने भोसकलेले देऊळ’ असे आहे. हे रान पूर्वीपासून हत्तींचे, आणि आजही आसपासच्या शेतकऱ्याला हत्ती केळीच्या बागेत शिरण्याचा घोर असतोच.

पण आमचे डोळे खिळले ते क्रुसांच्या ढिगावर. यात्रेकरूंनी खांद्यावरून आणलेले क्रूस इथे ठेवायचे असतात, परत न्यायचे नसतात. मागच्या यात्रेचे क्रूस एकावर एक रचून पडले होते. काही रंधा मारून गुळगुळीत केलेले, काही नुसती साल काढलेली दोन लाकडे काथ्याने बांधलेली. पावसाने काळे पडलेले, एकदोघांवर भूछत्रे उगवलेली. प्रत्येक लाकडामागे काहीतरी असणार. आजारी लेकरू, कर्ज, न जमलेले लग्न, दारू पिणारा नवरा. वर कुणीही नव्हते. खाली पेरियारचे पाणी चमकत होते. २०१८ च्याच ऑगस्टमधल्या महापुरात या नदीने कालडीच्या बाजूला घरेदारे बुडवली होती. आज ती दिसत होती लिंबाच्या रसासारखी निवळ.

वर आम्ही शिदोरी सोडली. भाकरी तिसऱ्या दिवसाची होती, पण शेंगदाण्याची चटणी असली की भाकरीचे वय कोण विचारतो? देवळात जाताना चपला बाहेर ठेवाव्यात, मोठ्याने बोलू नये, प्रार्थना चालू असेल तर मागे उभे राहावे. पावसाळ्यात खडक निसरडे होतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी हा डोंगर चढू नये. पौष-माघात, उपासाची गर्दी सुरू होण्याआधी, सकाळी लवकर निघाले तर दुपारच्या जेवणाला खाली येता येते.

उतरताना तात्या पुढे होते. सहाव्या ठिकाणाशी ते थांबतील असे मला वाटले, पण ते थांबले नाहीत. फक्त टोपी हातात घेतली आणि पुढच्या वळणावर पुन्हा डोक्यावर ठेवली. खाली टपरीवाल्याने दुसऱ्या चहाचे मात्र पैसे घेतले.