बॉयलरच्या पोटात काय जाते?

पश्चिम उत्तर प्रदेशातील एका कागद गिरणीच्या तपासणीस गेलो असता आवारात मला दोन ढीग दिसले. एक भाताच्या तुसाचा. दुसरा रद्दीच्या लगद्यातून वेगळ्या काढलेल्या ओल्या, रंगीबेरंगी प्लास्टिकच्या चिंध्यांचा. दुसऱ्याविषयी विचारताच व्यवस्थापक म्हणाले, “साहेब, तो उद्या ट्रकने जाणार आहे.” इंधनाच्या नोंदवहीत मात्र एकच शब्द होता: बायोमास. चिमणीचा अहवाल निर्दोष. धूलिकण मर्यादेत, गंधक मर्यादेत. डायॉक्सिनचा रकानाच नव्हता.

राजधानी क्षेत्रातील उद्योगांना १ जानेवारी २०२३ पासून कोळसा बंद झाला. औष्णिक वीजकेंद्रे तेवढी वगळली गेली. धुरक्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. परंतु कोळसा गेला म्हणजे विषही गेले, ही आमच्या खात्यांची समजूत निव्वळ भाबडी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे अंदाज पाहावेत. वीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये एक टेराज्यूल उष्णतेमागे हवेत जाणारे डायॉक्सिन नैसर्गिक वायूसाठी ०.५, कोळशासाठी १०, स्वच्छ लाकडासाठी ५० आणि मिश्र जैवइंधनासाठी ५०० मायक्रोग्रॅम धरले आहे. कोळशातील गंधक या विषाच्या घडणीस काहीसा अटकाव करते, हेही येथे ध्यानात घ्यावे. मी कोळशाची वकिली करीत नाही. ‘जैव’ या उपसर्गाला मिळणाऱ्या आंधळ्या सवलतीला माझा विरोध आहे.

शुद्ध पीव्हीसीमध्ये वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. भट्टीत ८५० अंशांवर दोन सेकंद नीट जळाले तर डायॉक्सिन बव्हंशी नष्ट होते, असे सांगितले जाते व ते खरेही आहे. पण कथा तेथे संपत नाही. वायू थंड होताना, साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात, राखेच्या कणांवर तांब्यासारख्या धातूंच्या साहाय्याने हे रेणू पुन्हा जुळतात. वायूतील उष्णता काढून घेणे हेच तर बॉयलरचे काम! त्यात ओले इंधन आणि कमी-जास्त होणारी आंच असली, की मग विचारायलाच नको.

कचरा जाळण्याच्या भट्टीला २०१६ च्या घनकचरा नियमांनी घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. तोच कचरा बॉयलरमध्ये गेला की त्याचे नाव ‘इंधन’ होते आणि मर्यादा गळून पडते. स्टॉकहोम कराराच्या ‘क’ परिशिष्टात औद्योगिक बॉयलर आणि लाकूड-जैवइंधनाच्या भट्ट्या यांचा स्पष्ट उल्लेख आहे; भारताने तो करार २००६ मध्येच स्वीकारला. बॉयलर निरीक्षक तपासतो तो दाब. स्फोट होऊ नये एवढीच १९२३ च्या कायद्याची २०२५ पर्यंत चिंता होती.

यावर सहकाऱ्यांचे ठराविक उत्तर येते: मोजणी महाग आहे, प्रयोगशाळा मोजक्या आहेत. मान्य. चिमणीतून कित्येक तास नमुना घ्यावा लागतो, तो प्रत्येक गिरणीत दरमहा कोण घेणार? पण तुसातील क्लोरीन तपासायला तेवढा खटाटोप लागत नाही, आणि वजनकाटा तर प्रत्येक फाटकावर असतोच. रद्दी किती आली, तीत प्लास्टिक किती निघाले, त्यातले किती टन कोणत्या सिमेंट भट्टीला पोचले, याच्या पावत्या जुळवायला साधा कारकून पुरे. त्या दिवशी मी त्या पावत्या मागितल्या. तीन महिन्यांच्या काळात एकच निघाली.