लेणे पाहिले, दिसले काय?

आमच्या वर्गातला एक मित्र दिवाळीच्या सुट्टीत आंध्रात जाऊन आला. विशाखापट्टणमकडची बोरा गुहा त्याने पाहिली आणि परत आल्यापासून त्याला दुसरा विषय नाही. "काय गुहा आहे! आत पायऱ्या, कठडे, लाल-निळे-हिरवे दिवे, छतातून लोंबणारी दगडाची झुंबरे! नाहीतर तुमचे ते कार्ले आणि भाजे. पंचवीस रुपये घेतात. आत जावे तर अंधार आणि वटवाघळांचा वास!"

त्याच्या बोलण्यातला "तुमचे" हा शब्द मला लागला. हा मित्र राहतो कामशेतला. लोणावळ्याच्या लोकलने त्याला मळवली एक स्टेशन आणि मला, देहूरोडहून, सात. म्हणजे लेणी कोणाची असतील तर आधी त्याची! पण रागाच्या भरात उत्तर देण्याऐवजी मी विचार करू लागले, आणि विचार करता करता ध्यानात आले की त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पंचवीस रुपये त्यानेही दिले होते आणि मीही. दोघांनी लेणे पाहिले होते. दिसले मात्र दोघांनाही नव्हते.

प्रथम एक फरक सांगितला पाहिजे. बोऱ्याची गुहा चुनखडीत आहे. चुनखडी पाण्यात विरघळते, पाणी ठिबकत राहते, आणि हजारो वर्षांत ती झुंबरे आपोआप तयार होतात. आपला सह्याद्री म्हणजे काळा कातळ. हा दगड पाण्याला अशी दाद देत नाही. तिकडे जे पाण्याने केले ते इकडे माणसाने छिन्नी-हातोड्याने केले आहे. निसर्गाची गुहा पाहून नुसते "वा!" म्हटले तरी चालते. माणसाने केलेल्या गुहेत मात्र कोणी केली, कशासाठी केली, कशी केली, हे कळल्यावाचून "वा!" तोंडातून निघत नाही, आणि निघाले तर ते खरे नसते.

गंमत पाहा. प्रदर्शनाच्या गुहांत वाटाड्या पुढे चालतो, बॅटरीचा झोत टाकतो आणि ओबडधोबड दगडात कोठे शिवलिंग, कोठे प्राणी दाखवतो. लोकही "हो हो, दिसला" म्हणतात. कार्ल्याच्या चैत्याच्या ओसरीत दोन्ही अंगांना दगडाचे खरेखुरे हत्ती उभे आहेत. ते कल्पनेने पाहावे लागत नाहीत. पण आम्ही त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतो, हात लांब करतो आणि फोनमध्ये स्वतःचा चेहरा पाहतो. दगडात हत्ती शोधणारे आम्ही, हत्ती समोर आला की त्याला पाठ दाखवतो!

गेल्या चैत्रात आजीला घेऊन एकवीरेला गेले होते. त्या दिवसांत कार्ल्याचा डोंगर म्हणजे कोळी-आगरी माणसांचा सागरच. पालख्या, वाजंत्री, गुलाल, डोक्यावर फुलांनी मढवलेल्या बाया. देवीचे देऊळ चैत्याच्या तोंडाशीच आहे. दर्शन झाल्यावर आजी म्हणाली, "आलोच आहोत तर आतलंही बघू." आम्ही तिकीट काढले. आत पाऊल टाकताच आजी गप्प झाली. आमच्या पुढचे एक टोळके घुमणारा आवाज ऐकण्यासाठी हाका मारीत होते. आजी मात्र खांबाला हात लावून वर पाहत उभी राहिली.

"एवढं कोणी बांधलं गं?"

"बांधलं नाही आजी, कोरलंय. डोंगर आतून पोखरून काढलाय. आधी छत कोरलं आणि मग खाली खाली आले."

"आणि हे खांबावर काय लिहिलंय?"

येथे माझी पंचाईत झाली. इतिहास हा माझा खास विषय. सातवाहनांवर परीक्षेत मी चार पाने लिहिली होती. पण समोरच्या खांबावर काय लिहिले आहे ते मला सांगता येईना. "ब्राह्मी लिपी आहे," एवढे बोलून मी वेळ मारून नेली. आजी म्हणाली, "लिपी आहे हे मलाही दिसतंय. लिहिलंय काय?"

घरी आल्यावर ग्रंथालयातून पुस्तके आणली आणि वाचले. खांबांवर नावे आहेत, दान देणाऱ्यांची. वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी, तेथला भूतपाल नावाचा श्रेष्ठी सांगतो की जंबुद्वीपातले उत्तम असे हे शैलगृह त्याने पूर्णत्वास नेले. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याने दरवाजा दिला. त्याच गावच्या यवनांनी खांब दिले. सोपाऱ्याहून आलेल्याने एक खांब दिला. भिक्षुणींची नावे आहेत, सुताराचे नाव आहे. बाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठीचा. म्हणजे हे काही एका राजाने हुकूम सोडून केलेले काम नव्हे. वाटेने जाणारे व्यापारी, कारागीर, संन्यस्त बाया यांनी वर्गणी काढून देशातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह उभे केले. उभे केले म्हणजे डोंगरातून मोकळे केले! सदतीस खांब, सुमारे अडतीस मीटर लांबी, आणि छताला सागवानी फासळ्या, ज्या इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून आजवर तग धरून आहेत.

आजीला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अत्तरवाल्यानं दार दिलं? तेव्हाच सांगितलं असतंस तर त्या दाराला हात जोडले असते."

आता मला एक कबुली द्यायची आहे. ती आजवर कोणाला दिलेली नाही.

सातवीत असताना आमची सहल भाज्याला गेली होती. सर पुढे, आम्ही मागे. दोघी-तिघींनी कंपासपेटीतले कर्कटक काढले आणि एका विहाराच्या भिंतीवर नाव कोरायला घेतले. मला माझे नाव आणि खाली "देहूरोड" असे लिहायचे होते. दगड इतका कठीण की दीड अक्षरात कर्कटकाचे टोक वाकले. शिट्टी झाली, आम्ही पळालो. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. म्हणजे फुकट आत जाऊन मी ही कामगिरी करून आले! पुढे कळले की 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली आणि अशा कृत्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. पण कायद्यापेक्षा मला कार्ल्याच्या खांबांनी जास्त शरमवले. नाव त्यांनीही कोरले होते, मीही. त्यांनी खांब दिला, दार दिले, मग नाव लिहिले. मी काय दिले होते?

म्हणून आज जेव्हा कोणी म्हणतो की पर्यटक अडाणी आहेत, त्यांना दंड करा, जाळ्या लावा, तिकीट दसपट करा, तेव्हा मला त्या जमावात माझाच चेहरा दिसतो. मी अडाणी नव्हते, पहिल्या पाचांत येत होते. मला कोणी काही दाखवले नव्हते, एवढेच.

कोणी म्हणेल, मग बोऱ्यासारखे रंगीत दिवे लावा, संगीत लावा, लोक आपोआप पाहतील. मला हे पटत नाही. गुहेत दिवे लावले की त्यांच्या उजेडावर भिंतींना हिरवे शेवाळ धरते, हा जगभरच्या गुहांचा अनुभव आहे. फ्रान्समधल्या लास्को गुहेतील आदिमानवाची चित्रे 1940 साली चार पोरांना सापडली. लोकांची रीघ लागली, आणि त्यांच्या श्वासाने व दिव्यांनी चित्रे बिघडू लागल्यामुळे 1963 साली गुहा बंद करावी लागली. 1983 पासून लोक शेजारी केलेली तिची नक्कल पाहतात. लांब कशाला, आपल्या बेडशाला एकोणिसाव्या शतकात साहेब येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेण्याची रंगरंगोटी केली, आणि भिंतीवर उरलेसुरले जुने चित्रकाम होते ते कायमचे गेले. पाहुण्याला खूष करण्याच्या नादात घरातली पुंजी घालवायची, यातलाच हा प्रकार!

आणखी असे की कार्ल्याला दिव्याची गरजच नाही. ती घोड्याच्या नालेसारखी भव्य कमान शोभेसाठी कोरलेली नाही. उजेड आत घेऊन स्तूपावर टाकावा ही तिची योजना आहे. कोरणाऱ्यांनी दिवाही डोंगरातच करून ठेवला आहे. तो कधी आणि कसा पाहायचा एवढेच सांगणारा हवा.

प्रदर्शनाच्या गुहांकडून घ्यायचाच असेल तर मी दिवा घेणार नाही, वाटाड्या घेईन. अमेरिकेत केंटकीमध्ये मॅमथ केव्ह नावाची प्रचंड गुहा आहे. 1838 साली तिच्या मालकाने स्टीफन बिशप नावाच्या एका गुलाम मुलाला पाहुण्यांना गुहा दाखवण्याच्या कामावर नेमले. त्या मुलाने नेमून दिलेल्या वाटेपलीकडे जाऊन नवीन दालने शोधली, आणि 1842 साली आठवणीतून तिचा नकाशा काढला. गुहा मालकाची होती, तिकिटाचे पैसे मालकाचे होते, पण गुहा ओळखत होता तो दाखवणारा. लोकांना ती त्याच्या डोळ्यांनी दिसली.

आपल्याकडे असा दाखवणारा कोण? फलक आहेत, पण फलक वाचायला थांबणे हेही शिकवावे लागते. मला वाटते, हे काम आपले आहे. मावळातल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे. आपल्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दर वर्षी त्या दिवशी विहारात माणसांची रीघ लागते. लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर त्याच बुद्धाच्या अनुयायांनी दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली घरे आहेत. त्याहून जवळ, घोरावाडीच्या डोंगरावर घोरावडेश्वराची लेणी आहेत, जेथे तुकोबा चिंतनाला बसत असे आपण लहानपणापासून ऐकतो. इतके सारे उंबऱ्याशी असताना आपण सातवाहनांवर चार पाने लिहितो आणि आजीच्या एका प्रश्नाला गप्प बसतो! या अभ्यासाला काय म्हणावे?

सूचना अगदी साधी आहे. इतिहास, मराठी आणि भूगोल या विषयांच्या विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली आणि रीतसर परवानगी काढून, सुट्टीच्या दिवशी दोघा-दोघांनी लेण्यांत थांबावे. कोणी विचारले तर दहा मिनिटे सांगावे. त्याचे पैसे घेऊ नयेत. घोषणा नको, ध्वनिक्षेपक तर नकोच. अडचणी येतील हे मला मान्य आहे. चुकीचे सांगितले जाईल, हौस चार रविवारांत ओसरेल, परीक्षेच्या दिवसांत कोणी फिरकणार नाही. पण चूक सांगणारा पुन्हा पुस्तक उघडतो. मी उघडले, ते आजीपुढे गप्प बसावे लागले म्हणूनच.

गेल्या पावसाळ्यात एकदा घरच्या घरी प्रयोग करून पाहिला. मावस-चुलत मिळून सहा भावंडांना घेऊन भाज्याला गेले. धबधब्यावर जत्रा भरली होती. ओल्या कपड्यांनीच माणसे चैत्यात शिरत होती. मी भावंडांना सांगत होते की हे सत्तावीस खांब नीट पाहा, ते सरळ नाहीत, आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा सोसण्यासाठी खांब असे कलते उभे करीत. येथे छताचा रेटा नाही, सगळा एकच दगड आहे. तरी कोरणाऱ्यांच्या हाताला लाकडाची सवय होती, म्हणून दगडातही त्यांनी खांब कलतेच ठेवले. बोलता बोलता मागे पाहिले तर सहाचे पंधरा-सोळा झाले होते. ओळख ना देख! एका भिजलेल्या काकांनी टॉवेल खांद्यावर टाकून विचारले, "पुढे?"

पुढे मी त्यांना विहाराकडे नेले, आणि मग मनाशी ठरवून त्या भिंतीपाशी नेले. ते दीड अक्षर तेथे आहे. जवळ गेले तरच दिसते, पण आहे. मी म्हटले, "हे कोरणारी मी. सातवीत होते. दीड अक्षराला कर्कटक वाकले. आता तो खांब पाहा आणि किती छिन्न्या लागल्या असतील ते सांगा."

कोणी हसले नाही. एका मुलाने पुढे होऊन त्या अक्षरावरून बोट फिरवले आणि विचारले, "ताई, हे पुसता येत नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

परतताना तो मुलगा आमच्याबरोबरच पायऱ्या उतरला. अर्ध्या वाटेत आईला म्हणाला, "त्या वाकड्या खांबांचा फोटो राहिला." आणि ती माउली, पाय दुखत असताना, त्याच्याबरोबर पुन्हा वर गेली.

कामशेतच्या मित्राला मी अजून उत्तर दिलेले नाही. येत्या रविवारी त्याला मळवलीला उतरायला सांगितले आहे. तिकीट मी काढणार आहे.

— तृतीय वर्ष, कला (इतिहास)