ताबा बदलला, पोटगी का बदलत नाही?

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात मुलाचा ताबा एकाकडे आणि पोटगीचा भार दुसऱ्याकडे दिला जातो. पुढे परिस्थिती पालटते, मूल दुसऱ्या घरी राहू लागते. पोटगीची रक्कम मात्र जुन्याच घरची वाट चालत राहते. या विसंगतीवर न्यायव्यवस्थेचे उत्तर ठरलेले आहे : पक्षकाराने अर्ज करावा. हे उत्तर कायदेशीर असेल. न्याय्य खचितच नाही.

शिरूर-दौंड परिसराचेच उदाहरण घ्या. रांजणगाव वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारा बाप आणि शेतमजुरी करणारी आई यांचा काडीमोड झाला आहे असे समजा. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. मूल शाळेच्या वयाचे झाले की ताब्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ते दौंडला बापाकडे गेले आणि आदेश तसाच राहिला, तर सांभाळही त्यानेच करायचा आणि शिरूरला पैसेही त्यानेच धाडायचे. न धाडल्यास वॉरंट, प्रसंगी तुरुंग. उलट, मूल बापाकडून आईकडे आले, तर जुन्या आदेशात पोटगीचा उल्लेखच नसतो आणि वह्यापुस्तकांपासून औषधापर्यंत सारा भार तिच्या रोजगारावर पडतो. दोन्हीकडे नागवले जाते ते मूल.

वास्तविक कायदा इतका आंधळा नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांचा विचार एकत्रच केलेला आहे आणि हुकूमनाम्यानंतरही अर्जावरून त्याविषयीचे आदेश बदलता येतात. दंडाधिकाऱ्याने ठरविलेली पोटगी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 खाली बदलता येई; 1 जुलै 2024 पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 मध्ये आहे. दिवाणी आदेशातील लेखनाची वा आकडेमोडीची चूक तर न्यायालय आपण होऊनही दुरुस्त करू शकते. कायद्याने जे एकत्र गुंफले, ते व्यवहारात तोडले कोणी?

'अर्ज करा' म्हणणाऱ्यांनी त्या अर्जाची किंमत एकदा मोजून पाहावी. प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी बुडते. एसटीचे भाडे आणि वकिलाची फी वेगळीच. पोटगीची रक्कम जितकी लहान, तितका हा खर्च जड. म्हणजे ज्याला गरज अधिक, त्यालाच न्याय महाग! शिवाय थकलेल्या पोटगीसाठी दंडाधिकाऱ्याकडे एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या थकबाकीपुरता वॉरंटचा मार्ग बंद होतो.

उत्पन्नाचा पुरावा नाही, ही सबबही आता टिकणारी नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांना मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. आधीच्या आदेशात बदल हवा असेल, तर तो त्याच कार्यवाहीत करून घ्यावा, असेही बजावले. ऊस आजोबांच्या नावावर आणि बिल चुलत्याच्या खात्यावर, ही सोंगे उघडी पाडण्याचे साधन न्यायालयाच्या हाती आहे. प्रश्न आहे तो वापराचा.

म्हणून मागणी सरळ आहे. ताबा बदलणाऱ्या प्रत्येक आदेशात, मग तो तडजोडीचा का असेना, पोटगी कोणत्या तारखेपासून, कोणी, कोणाला आणि किती द्यायची व मागील बाकीचे काय, हे नमूद झालेच पाहिजे. त्याविना आदेशावर सही होता कामा नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. शिरूर आणि दौंडच्या विधी सेवा समित्यांनी व महिला संघटनांनी असे जुने आदेश शोधून अर्ज दाखल करावेत. पोटगीला आईचे बक्षीस वा बापाचा दंड समजणे सोडले पाहिजे. ती मुलाची भाकरी आहे आणि मूल ज्या घरी जेवते, त्या घरी ती पोचलीच पाहिजे.