कुत्र्यांची लस : शंका आणि सावधगिरी

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनच्या परिसरात वाडीची राखण करणारा कुत्रा हा कुटुंबाचाच एक घटक असतो. त्याला रेबीजची लस टोचून घ्या, असे म्हटले की ‘टोचल्यावर कुत्रा मरगळतो, प्रसंगी दगावतो’ अशी शंका निघते. ती अज्ञानमूलक म्हणून झटकणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही.

या भयाला इतिहास आहे. कुत्रा चावलेल्या माणसास पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून बनविलेल्या लसीची 14 इंजेक्शने पोटात घ्यावी लागत. डेव्हिड सेंपल यांनी 1911 साली कसौली येथे सिद्ध केलेल्या या लसीने अनेकांचे प्राण वाचविले. परंतु क्वचित कोणाला तिच्यामुळे पक्षाघातही होई. भारताने तिचे उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबविले. लस गेली, दहशत उरली.

आज कुत्र्यांना टोचली जाणारी रेबीजची लस पेशींवर वाढवून निष्क्रिय केलेल्या विषाणूंची असते. तिच्यामुळे रेबीज होत नाही. टोचल्या जागी सूज, एकदोन दिवस बारीक ताप, मंद भूक एवढे संभवते. क्वचित काही मिनिटांत वा तासांत तोंड सुजते, ओकाऱ्या होतात, कुत्रा कोसळतो; तेव्हा तातडीचे उपचार हवेत. अमेरिकेतील बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेल्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विविध लसी दिल्यानंतर तीन दिवसांत दर 10,000 कुत्र्यांमागे सुमारे 38 कुत्र्यांना त्रास झाल्याचे आढळले. लहान चणीच्या आणि एकाच वेळी अनेक लसी टोचलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण अधिक होते. उलट, रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रा वाचत नाही. माणूसही जवळजवळ कधीच नाही.

खरी काळजी निराळ्याच गोष्टीची वाहावयास हवी. लस 2 ते 8 अंश सेल्सियस तापमानात राखावी लागते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा गावेच्या गावे दीर्घकाळ अंधारात होती. उष्णतेने निकामी झालेली लस कुत्र्याला रोगापासून वाचवीत नाही. मालक मात्र निर्धास्त राहतो. हा खोटा दिलासा कोणत्याही दुष्परिणामाहून घातक होय.

सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्याने 2013 पासून व्यापक मोहीम राबविली आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कोकणातील गावांना हे अशक्य का असावे?

मात्र लोकांचा विश्वास हुकुमाने मिळत नसतो. टोचल्यावर कुत्र्याला अर्धा तास देखरेखीखाली ठेवावे, झालेल्या त्रासाची नोंद व्हावी, शीतपेटीच्या तापमानाची वही कोणासही पाहता यावी. मालकांनीही आजारी कुत्र्याची लस पुढे ढकलावी आणि पूर्वी झालेला त्रास पशुवैद्यकास आधी सांगावा. धोका मुळीच नाही असे सांगणाऱ्यापेक्षा, धोका किती व त्यावर इलाज काय, हे सांगणाऱ्यावरच लोक विश्वास ठेवतील.