आम्हाला वाघावर बसलेली नायिका नको

'प्रियाज शक्ती' हे कॉमिक २०१४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये आले. राम देविनेनी यांची कल्पना, डॅन गोल्डमन यांची चित्रे. दिल्लीत २०१२ साली झालेल्या अत्याचारानंतर देश रस्त्यावर उतरला होता, त्या संतापातून हे कॉमिक जन्माला आले. प्रिया ही खेड्यातली मुलगी. तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो, घरचे तिलाच दोष देतात, गाव तिला टाकते. ती पार्वतीची भक्त असते. देवीला तिचे दुःख कळते आणि देवीच्या प्रेरणेने प्रियाची भीती जाते. मागे लागलेल्या वाघालाच ती वाहन करते आणि त्यावर बसून गावोगाव सांगत फिरते की गप्प बसू नका. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने या कॉमिकचा गौरव केला. भारताची पहिली बलात्कारपीडित सुपरहिरो म्हणून जगभर बातम्या झाल्या.

हेतू चांगला होता, यात आम्हाला शंका नाही. पीडितेला लाज वाटायचे कारण नाही, लाज अत्याचार करणाऱ्याला वाटली पाहिजे, हे या कॉमिकने ठणकावून सांगितले. तेवढ्यासाठी त्याचे स्वागतच आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या मुलीला नायिका व्हायला देवी का लागली?

"अहो, पोरांचे कॉमिक आहे, त्यात काय एवढे?" असे म्हणणारे मित्र भेटतील. ज्या वयात मूल कॉमिक वाचते त्याच वयात शूर कोण, दुष्ट कोण आणि बळ कुठून येते हे त्याच्या मनात पक्के होत असते. अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्र कथा' सुरू केली, ती हे ओळखूनच. दोन-तीन पिढ्यांनी आपला 'इतिहास' त्या रंगीत पानांवरून घेतला. पुराणातली पतिव्रता सावित्री तिथे आली, जौहर करणारी पद्मिनी आली, झाशीची राणी आली. नंदिनी चंद्रा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या मालिकेतील हिंदू, उच्चवर्णीय आणि पुरुषी नजर सविस्तर दाखवून दिली आहे. बाबासाहेबांवरचा अंक यायला १९७९ साल उजाडले.

झाशीच्या राणीचा अंक घराघरात गेला. राणीच्या दुर्गा दलात लढलेली, राणीसारखा वेश करून इंग्रजांच्या छावणीकडे निघालेली झलकारीबाई मात्र बुंदेलखंडच्या लोकस्मृतीत राहिली. ती कोरी समाजातली. उत्तरेतल्या दलित लेखकांनी आणि बहुजन चळवळीने तिला पुस्तिकांतून, मेळाव्यांतून, पुतळ्यांतून वर आणले, तेव्हा कुठे २००१ साली तिच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. लढली ती सुद्धा, पण चित्र कोणाचे काढायचे हे ब्रश ज्याच्या हातात असतो तो ठरवतो.

आता देवीकडे येऊ. देवीचे बळ बाईत उतरते ही कल्पना अमेरिकेतून आलेली नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विचारा, त्याला अंगात येणे म्हणतात. एरवी जिला घरात कोणी विचारत नाही, तिच्या अंगात देवी आली की सासूसुद्धा पाया पडते. पाटील हात जोडतो. ती बोलेल ते ऐकले जाते. मग घुमणे थांबते, केस बांधले जातात, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई खुरपणीला त्याच पाटलाच्या शेतात, त्याच मजुरीवर. मान देवीला मिळाला होता, बाईला मिळाला नव्हता. ज्या समाजात बाईला स्वतःच्या तोंडाने बोलायची सोय नसते तिथे ती देवीच्या तोंडाने बोलते, हे समाजशास्त्राचा विद्यार्थी सांगेलच. त्यामागचे दुःख आम्हाला कळते. पण आजाराचे लक्षण म्हणजे औषध नव्हे.

"देवी तर बहुजनांची, मातृसत्तेची खूण आहे, ती का सोडायची?" असेही विचारले जाते. मरीआई, यल्लमा या आपल्याच वस्त्यांतल्या देवता होत्या, हे खरे. पण त्यांच्या नावाने पोतराज कोणाचा झाला? जोगतीण म्हणून मुली कोणाच्या सोडल्या गेल्या? मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासींसाठी कायदा झाला, आणि महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा नवा निर्मूलन कायदा करावा लागला. सत्तर वर्षांत देवीने या मुलींना वाघ दिला नाही. तरुणांनी मुरळी-पोतराजाची प्रथा झुगारली, बाबासाहेबांच्या मागे गेले, १९५६ साली बुद्धाला शरण गेले, तेव्हा सुटका सुरू झाली. बुद्धाने शिष्यांना सांगितले की आधार बाहेर शोधू नका, स्वतःत शोधा. वरदानावर उभी असलेली नायिका या शिकवणीच्या उलट दिशेला चालते.

आपल्या परभणी जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी, दिवसरात्र राबणारी, तरीही स्वतःच्या नावाने अभंग रचणारी. केवढा हा पराक्रम! पण लोकांच्या ओठावर काय राहिले? विठ्ठल येऊन तिचे दळण दळत होता. जात्याला देवाचा हात लागला की ती दासी का होती, हा प्रश्नच उरत नाही. चमत्कार बाईला मोठे करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो तिचे कष्ट आणि तिची बुद्धी दोन्ही झाकतो.

दुसरा प्रश्न जातीचा. प्रियाच्या कथेत पुरुषी मानसिकता आहे, गावाचे मौन आहे, पण जात प्रश्न म्हणून येत नाही. भारतातल्या खेड्यात बलात्काराची गोष्ट जातीशिवाय सांगायची म्हणजे विहिरीची गोष्ट पाण्याशिवाय सांगण्यासारखे आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर अत्याचार झाला. ती आदिवासी मुलगी. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. राजस्थानात भटेरीच्या भंवरीदेवी बालविवाह रोखत होत्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सूड घेतला गेला. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत, असा तर्क आरोपींना सोडताना न्यायालयात चालला. भंवरीदेवी मागे हटल्या नाहीत. १९९७ च्या विशाखा मार्गदर्शक तत्त्वांमागे त्यांचाच लढा आहे. आज शहरातल्या चकचकीत कार्यालयांतली प्रत्येक स्त्री त्या कुंभार समाजातल्या बाईची ऋणी आहे. किती जणींना तिचे नाव माहीत आहे?

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे या बाईने आपल्या शेतजमिनीवरचा हक्क सोडला नाही आणि पोलिसांसमोर साक्ष द्यायला ती घाबरली नाही. मुलांना शिकवत होती. तिची शिकणारी मुलगी सायकलवरून गावातून जायची. गावाला हेच खुपले. त्या मुलीचे नाव प्रियांका. कॉमिकमधल्या प्रियाला वाघ भेटला, खैरलांजीच्या प्रियांकाला झुंड भेटली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण त्यात जातीय अत्याचार मानला नाही. चित्रकथेने जात गाळली, न्यायालयानेही गाळली. म्हणून आम्ही म्हणतो, जातीचे नाव न घेणारी नायिका कितीही शूर असली तरी ती आमच्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही.

परभणीने नायिका पाहिलेल्या आहेत. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या दिवसांत पोलिसांनी वस्त्यांत शिरून बायकांनाही मारल्याच्या तक्रारी झाल्या. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला कोठडीत गेला. त्याच्या आईने सरकारने देऊ केलेली मदत नाकारली आणि न्याय मागितला. जानेवारीत परभणीहून मुंबईच्या दिशेने लाँग मार्च निघाला. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही ३० जुलैला तो आदेश कायम राहिला. या माऊलीच्या अंगात कुठली देवी आली नव्हती. तिच्या बाजूला संविधान होते, वकील होते आणि रस्त्यावर उतरलेला समाज होता. पोराला कोठडीत गमावलेली एक आई एका राज्य सरकारला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हरवते, याहून मोठी सुपरहिरोची गोष्ट कोणी दाखवावी.

इथपर्यंत वाचून जे मित्र टाळ्या वाजवत असतील त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

जयंतीच्या फ्लेक्सवर आपण काय छापतो? आंदोलनात पुढे असलेल्या ताईंना 'रणरागिणी' म्हणतो. मोबाईलवर सावित्रीमाईंच्या हातात तलवार आणि रमाईंच्या डोक्यामागे तेजोवलय असलेली चित्रे पुढे पाठवतो. बावीस प्रतिज्ञा म्हणणारे आपण, आणि आपल्याच आयांना देवी करून मोकळे होतो! देवी केले की बरे असते. देवी हिशेब मागत नाही, कार्यकारिणीत खुर्ची मागत नाही, बैठक रात्री दहाला का ठेवली म्हणून विचारत नाही. मोर्चात बायका पुढे, कारण पोलीस थोडे बिचकतात. मंचावर मात्र त्या सत्काराचे हार घेऊन उभ्या. जयंती मंडळाची यादी उघडा आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांत बायकांची नावे मोजा. अनेक ठिकाणी एका हाताची बोटेसुद्धा लागणार नाहीत.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. १९४१ साली अमेरिकेत जन्मलेल्या 'वंडर वुमन'ला ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमले. त्याच वर्षी सरचिटणीसपदासाठी अनेक कर्तबगार स्त्रिया उमेदवार होत्या, निवडला गेला पुरुष. खुर्ची खऱ्या बाईला नाही, पदवी कागदावरच्या बाईला! तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि दोन महिन्यांच्या आत ती नेमणूक गुंडाळावी लागली. आपल्या फ्लेक्सवरची रणरागिणी आणि ती वंडर वुमन यांत फरक कितीसा?

आपला इतिहास तर वेगळे सांगतो. १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहून धर्मालाच जाब विचारला. तिचे शस्त्र लेखणी होती आणि ती तिला फुल्यांच्या शाळेत मिळाली होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेचे अध्यक्षपद सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषवले, आणि बाबासाहेब तिथे बोलायला गेले. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमी सत्याग्रहात बायका कडेवरची पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या सगळ्या जणींना गावोगाव जाऊन शोधले आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. ते पुस्तक आपल्या किती विहारांच्या कपाटात आहे?

कॉमिक हे माध्यम टाकाऊ आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ साली 'भीमायन'मधून बाबासाहेबांची गोष्ट अशी सांगितली की तहानलेल्या मुलाचे शरीर मासा होते आणि किल्ल्याची भिंत पशू होते. त्यात खैरलांजीही आहे. देवी नाही, वरदान नाही, तरी पान उलटताना अंगावर काटा येतो.

म्हणून चित्र काढू शकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. परभणीची नायिका तुम्ही काढा. तिला उडता आले नाही तरी चालेल, तक्रार दिल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते हे तिला माहीत असावे. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवणाऱ्या ठाणेदाराला तिने झिरो एफआयआर सांगावा. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते आणि सूर्यास्तानंतर बाईला सहसा अटक करता येत नाही, हे तिने वस्तीला शिकवावे. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला आधी चौकशीची गरज नाही, हे तिच्या तोंडी असावे. तिच्या शत्रूला नाव असावे, आणि ते नाव जात हे असावे. ती एकटी नसावी, तिच्यामागे दहा बायका असाव्यात आणि त्यांच्यात वादही व्हावेत, कारण संघटना अशीच असते.

आणि जे चित्र काढू शकत नाहीत त्यांनी येत्या १४ एप्रिलच्या आधी एवढे करावे. मंडळाच्या कार्यकारिणीत निम्म्या जागा बायकांना द्याव्यात, खजिन्याची किल्ली एकीच्या हाती द्यावी, मुख्य भाषण एकीने करावे. ते झाले की फ्लेक्सवर रणरागिणी छापायची गरज उरणार नाही.

जयभीम! जय संविधान!